हिरव्या गाडीचा सात नंबर

जळगावचा उन्हाळा असा की एका मे महिन्यात माझ्या ट्रॅकवरची तांब्याची पट्टी तापली आणि गाड्या विजेशिवाय धावल्या. चांगल्या दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला ढग आले म्हणून थांबल्या. हे मी धुळ्याच्या चाचांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "ढग आले, इथे तू फसलास. मे महिन्यात जळगावला ढग कुठले?"

गाड्या विजेशिवाय धावल्या, याला त्यांची हरकत नव्हती.

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॉट कार म्हणजे पंजात मावेल एवढी विजेवरची गाडी. टेबलावर लाकडी रस्ता, रस्त्याला खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी. गाडीच्या नाकाखाली खुंटी असते, ती खाचेत बसते. पट्टीतून वीज येते आणि तुमच्या हातात एक बटण असतं. अंगठ्यानं दाबाल तेवढी गाडी पळते, हावरटपणा केलात तर वळणावर उडून समोरच्याच्या चहात पडते. साठेक वर्षांपूर्वी विलायतेत घरोघरी हे वेड होतं. त्या काळच्या गाड्या आता जगभर म्हाताऱ्यांच्या कपाटात पडून आहेत आणि आमच्यासारखे लोक त्यांच्या वासावर फिरतात. खानदेशात आमच्यासारखे दोनच. मी एरवी आकडे फुगवतो, पण हा आकडा फुगवायला तिसरा माणूस सापडला नाही.

चाचा माझे नात्यातले कुणी नव्हेत. धुळ्यात त्यांचे यंत्रमाग होते आणि मागांच्या वर, माळ्यावर, त्यांचा ट्रॅक. खाली माग सुरू झाले की माळा असा थरथरायचा की उभ्या केलेल्या गाड्या आपल्याआप सरकायला लागायच्या. आम्ही बटणाला हात न लावता शर्यत बघत बसायचो. त्यातही चाचांचीच गाडी पुढे असायची. माझ्याशी ते मराठीत बोलत, गाडीशी उर्दूत, आणि वळणावर गाडी उडाली की कुठल्या भाषेत बोलत ते मला आजवर कळलेलं नाही.

मी जळगावचा, चटईच्या कारखान्यात साचे बनवणारा. या हातांनी मी काय काय ओतलं असेल याची यादी ऐकलीत तर तुम्ही उठून जाल. त्यातलं अर्धं खरं आहे.

चाचांच्या कपाटात गाड्या पुष्कळ होत्या, पण सांगण्यासारखी एकच. हिरवी. रेसची गाडी, वरून उघडी, आत टोपडं घातलेला चालक, आणि दोन्ही कुशींवर पांढऱ्या गोलात सात नंबर. भुसावळला रेल्वेच्या बंगल्यांतले गोरेगोमटे अँग्लो-इंडियन लोक सामान विकून ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा तरुण चाचा बहिणीकडे आले होते. तिथल्या अंगणातल्या ढिगातून त्यांनी ती उचलली. तशी गाडी हिंदुस्थानात दुसरी नाही, असं मी सर्वत्र सांगायचो. चाचा मात्र म्हणायचे, "असेल. शोधली कुणी?"

तिचा तो सात नंबर म्हणजे पातळ कागदाचा, पाण्यात भिजवून चिकटवायचा. इतक्या वर्षांत कडा किंचित वर आल्या होत्या. गोऱ्या पोरानं चिकटवला, त्यानंतर तो कुणी ढळवला नव्हता. आमच्या जगात सगळी किंमत त्याचीच. रंग नवा देता येतो, चाकं मिळतात, मोटर बांधता येते. पण मूळचा कागद गेला की गाडी राहते आणि तिची साक्ष जाते.

पुढे साखरेनं चाचांचे डोळे नेले. माग आधीच भंगारात गेले होते. आता माळ्यावर शांतता, आणि आंधळ्या माणसाला ट्रॅकवरची गाडी कुठे आहे ते फक्त आवाजावरून कळणार. मग मी एक खेळ काढला. त्यांच्या गाड्यांचे साचे घ्यायचे, हुबेहूब नक्कल ओतायची, वजनसुद्धा आतून खरवडून जुळवायचं, आणि असली व नकली दोन्ही त्यांच्या हातात द्यायच्या. ते आधी नाकावरून अंगठा फिरवत, मग कुशीवरून. हिरवीच्या बाबतीत तर अंगठा सात नंबरच्या कडेला लागायचा आणि ते म्हणायचे, "ही माझी. ती तुझी, घेऊन जा." एकदाही चुकले नाहीत. त्यांना हरवायला मी नकलेवर कागदाचा नंबरसुद्धा लावून पाहिला. अंगठा क्षणभर थांबला. "कागद लग्नपत्रिकेचा आहे," ते म्हणाले. "कुणाचं लग्न?"

या काळात मी त्यांना बऱ्याच गोष्टी सांगितल्या. माणूस दिवसभर अंधारात बसलेला, त्याला नुसती उकडलेली हकिकत काय द्यायची? भरताच्या वांग्यासारखी ती आधी आगीवर धरावी लागते. म्हणून एकदा सांगितलं की जर्मनीतला एक गोरा हिरवीसाठी वेडा झालाय, त्यानं मला विमानाची दोन तिकिटं पाठवलीत. एक माझं, एक गाडीचं. खिडकीजवळची जागा गाडीला. चाचा हसता हसता गादीवर आडवे झाले. खरं एवढंच होतं की मी मोबाइलवर हिरवीचा फोटो टाकला होता आणि कुण्या परदेशी माणसानं त्याखाली अंगठा दाखवला होता.

मग मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून कितीदा तरी दवाखान्यात रक्त धुवायला नेत. एकदा मी भेटायला गेलो तर म्हणाले, "हिरवी चालत नाही. बटण दाबलं की गुणगुणते आणि गप्प बसते. तू घेऊन जा, कार्बन बदल. मला एकदा तिला पळवायची आहे. मग झालं."

"मग झालं म्हणजे काय?"

"म्हणजे तू आणशील तेव्हा मी असेन, एवढं बघतो. तू उशीर करतोस."

मी गाडी डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी मांडीवर अशी जळगावला आणली. एवढं जपून मी लग्नात नवरीलाही आणलं नव्हतं. मोटरचे कार्बन बदलले, खालचा गंजलेला स्क्रू काढून नवा लावला, आणि पितळी ताटात इतर गाड्यांबरोबर उभी केली. दसरा झाला की धुळ्याला जायचं ठरलं. मध्येच कारखान्याच्या कामानं पाचोऱ्याला जावं लागलं.

आता अक्का. माझी थोरली बहीण, अमळनेरकडच्या खेड्यात दिलेली, नवरा गेल्यापासून आमच्याकडे असते. घरात खोटं न बोलणारी ती एकटी, त्यामुळे आम्ही सगळे तिला जरा भिऊन असतो. खंडेनवमीला घरातली अवजारं आणि गाड्या धुऊन पुजायच्या, हे काम तिचं. टेम्पो, स्कूटर, पोराची मोटरसायकल, शिलाई मशीन, पाना, हातोडा. सगळं तिच्या हाताखालून जातं. दुपारी मी परत आलो तर ओट्यावर सगळं ओळीनं मांडलेलं, झेंडूच्या माळा, कापराचा वास. आणि ओळीच्या टोकाला पितळी ताट. माझ्या सगळ्या स्लॉट कार चकचकीत, पुढ्यात हळदकुंकू, आणि प्रत्येक चाकाखाली लिंबाची फोड. टेम्पोच्या चाकाखाली अख्खं लिंबू ठेवतात ना, तसं. एवढ्याशा चाकाखाली अख्खं कसं मावणार, म्हणून तिनं सुरीनं बारीक फोडी केल्या होत्या.

हिरवीच्या दोन्ही कुशी कोऱ्या होत्या.

"अक्का, या कशानं धुतल्या?"

"कडक पानी आनि सोडा. बठ्ठ्यासवर मळ व्हता. चाकंसले खोबरानं तेल लावं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू टेम्पोले कधी फडकं मारत नही, यासले रोज मारस. मंग या कशा सोडू? गाडी ती गाडी."

मी मोरीजवळ गेलो. जाळीत कागदाचा एक लगदा अडकला होता. गोल नव्हता, सात नव्हता, पांढरं काहीतरी होतं. गाडीचं नाकही गरम पाण्यानं तांदळाच्या दाण्याएवढं वाकलं होतं. अक्काला रागवायचं तरी कसं? तिनं माझी सगळ्यात लाडकी वस्तू देवापुढे ठेवली होती.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती माझ्या स्वभावाला धरून. लग्नपत्रिका छापणारा माझा मित्र आहे, त्याच्याकडून सात नंबर छापून घेतला. जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यातून काढला. खिशात घालून एसटीत बसलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तो काढून पाहिला आणि मला चाचांचा अंगठा आठवला. कुणाचं लग्न, म्हणून विचारतील. कागद चुरगळून खिडकीतून टाकला आणि ठरवलं की आयुष्यात एकदा, फक्त एकदा, घडलं तसं सांगायचं.

चाचा गादीवर उशीला टेकून बसले होते. हात सुजलेले, सुया टोचून काळेनिळे. मी गाडी त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी वजन पाहिलं, मान हलवली. अंगठा नाकावर गेला, तिथे अडखळला. मग कुशीवर. मग गाडी फिरवून दुसऱ्या कुशीवर. मग खाली, नव्या स्क्रूवर.

"ही कितवी नक्कल?" ते हसून म्हणाले. "या वेळी नंबर लावायला विसरलास."

"चाचा, ही असली आहे."

"हां. आणि मी नवरदेव."

मग मी सांगितलं. पाचोरा, खंडेनवमी, अक्का, कडक पाणी, सोडा. सांगताना माझंच मला ऐकू येत होतं, आणि ते जसंच्या तसं माझ्या थापांसारखं वाजत होतं. मी आवाज खाली आणला तर आणखीच खोटं वाटायला लागलं. चाचा ऐकत होते. तोंडावर तेच जुनं हसू, कुठे फसतोय ते बघणारं.

"टेम्पोच्या शेजारी ठेवल्या?"

"ओळीच्या टोकाला."

"चाकाखाली लिंबूपण?"

"लिंबूपण."

"इथे तू फसलास," ते म्हणाले. "या चाकाखाली लिंबू मावत नाही."

"अक्कानं फोडी केल्या होत्या, चाचा. बारीक."

त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. आंधळ्या माणसाचा चेहरा बंद होतो तो कसा, ते मी प्रथम पाहिलं. त्यांनी गाडी गादीवर ठेवली, माझ्या बाजूला.

"तुला तिकीट आलं होतं," ते म्हणाले. "गाडीचं वेगळं. खिडकीजवळचं."

"ती थाप होती, चाचा. तुम्हीच हसला होतात."

"मला तेव्हा थापच वाटली होती." मग म्हणाले, "तुला हवी होती तर मागायचीस. मी कुठे बरोबर नेणार होतो?"

मी आयुष्यभर त्या माणसाला शेकडो बाता सांगितल्या, त्यांतली एकही त्यांनी घेतली नाही. घेतली ती ही तिकिटाची. मी आण घेतली, मोरीतल्या लगद्याचं सांगितलं, बटण दाबून पाहा म्हणालो, चालते की नाही बघा. ते म्हणाले, "तुझ्या गाड्या चांगल्याच चालतात." आणि भिंतीकडे तोंड केलं. गाडी मी परत खिशात घातली, कारण त्यांच्या थोरल्या मुलानं दारातून आत येऊन ती गादीवरून उचलली आणि माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर अक्कानं विचारलं आणि माझ्या तोंडून सगळं निघालं. ती बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "माले धुळाले लई चाल. मी सांगसू."

दुसऱ्या दिवशी नववारी नेसून, पिशवीत कापराची पुडी, उरलेला सोडा आणि ज्या सुरीनं लिंबं कापली ती सुरी घेऊन ती एसटीत बसली. सुरी कशाला, मी विचारलं. "दखाडाले," ती म्हणाली. ज्याला डोळे नाहीत त्याला ती सुरी दाखवायला निघाली होती, हे मला तिला सांगवेना.

चाचांची तब्येत आणखी उतरली होती, पण बाईमाणूस आलं म्हणून त्यांनी स्वतःला बसवून घेतलं, डोक्यावर टोपी चढवली. अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"भाऊ, गाडी मी धुयी. याना काही दोष नही. हाऊ पाचोराले व्हता."

"बरोबर, अक्का," चाचा म्हणाले.

"वास ल्या. आजून कापूरना वास शे."

मी गाडी पुढे केली, त्यांनी ती नाकाशी नेली. "आहे," ते म्हणाले. "कापूरपण आहे, खोबरेलपण आहे."

"मंग?"

"अक्का, वास लावणं याला अवघड आहे का? यानं एकदा लग्नपत्रिकेचा नंबर लावला होता, उद्या चहात बुडवून तो जुनाही करील."

मला पारोळ्याचा कागद आठवला.

"मी तुळशीनी आण ल्हेस," अक्का म्हणाली. "माले खोटं बोलता येत नही. गावमा कोनलेबी पुसा."

चाचांनी दोन्ही हात जोडले. खरोखर जोडले, सुया टोचलेले. "नका घेऊ आण. एवढ्या लांबून, या वयात, भावासाठी खोटं बोलायला आलात. बहिणीनं असंच करावं. माझी भुसावळची बहीण असती तर तीही आली असती. खुदा तुम्हाला सलामत ठेवो." मग मुलाला हाक मारून म्हणाले, "अक्कांना जेवल्याशिवाय सोडू नका. वेगळी चूल मांडून द्या, हव्या तर."

अक्का जेवली. वेगळी चूल नको म्हणाली, त्यांच्याच घरचं वरण खाल्लं. परतीच्या वाटेवर एरंडोल मागे पडलं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "इतली म्हातारी व्हयनू, माले कोनी खोटी म्हनं नही. आनि या मानूसनी म्हनं, ते बी हात जोडीसन."

त्यानंतर फोन आला तो मुलाचाच. मी पोचलो तेव्हा मयत उचलायची वेळ झाली होती. मी खांदा दिला. माझ्या शेजारी कोण होतं आठवत नाही, पण ओझं फार हलकं होतं, आणि हे मी कमी करूनही सांगत नाही, वाढवूनही नाही.

दफन करून आल्यावर मुलगा मला माळ्यावर घेऊन गेला. ट्रॅक तसाच होता, खाचेत धूळ. कपाटात गाड्या ओळीनं उभ्या आणि मधोमध एक जागा मोकळी. तिथे फळीवर वर्षानुवर्षं चाकं टेकून चार काळे ठिपके पडले होते.

"अब्बांनी सांगितलंय, ही जागा भरायची नाही," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. "म्हणाले, जळगाववाला असली आणून देईल. माणूस वाईट नाही, फक्त उशीर करतो."

गाडी माझ्या खिशातच होती. मी ती काढली आणि त्या जागेवर ठेवली. चारही चाकं चार ठिपक्यांवर बरोबर बसली, दोऱ्याएवढाही फरक नाही. मला वाटलं, आता झालं. फळीनं साक्ष दिली. मी मुलाकडे पाहिलं.

तो वाकून बघत होता. बराच वेळ बघून त्यानं गाडी उचलली, धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली.

"तुमचा साचा फार अचूक असतो, काका. अब्बा नेहमी म्हणायचे. पण ही असलीची जागा आहे."

हिरवी आता माझ्याकडे आहे. ही हकिकत मी चहाच्या टपरीवर सांगतो तेव्हा लोक लिंबाच्या फोडींपर्यंत ऐकतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. मग कुणीतरी विचारतं, "भाऊ, ते राहू द्या, खरी कुठे आहे?" मी खिशातून काढून दाखवतो. ते म्हणतात, नक्कल छान जमलीय.

पुढच्या खंडेनवमीला अक्का ओट्यावर बसली होती. टेम्पो, स्कूटर, शिलाई मशीन सगळं धुऊन झालं. ताटाला तिनं हात लावला नव्हता.

"हाई धुवानी का?" तिनं विचारलं.

"धू," मी म्हटलं.

तिनं धुतली नाही. आत गेली, तीच सुरी आणली, लिंबाच्या बारीक फोडी केल्या. गाडी माझ्या ट्रॅकवर खाचेत बसवायला लावली आणि चाकांखाली एकेक फोड सरकवली.

"चालाड," ती म्हणाली. "त्यासले चालाडानी व्हती ना."

मी बटण दाबलं. नवे कार्बन, मोटर लगेच घुमली. चाकांना अजून गेल्या वर्षीचं खोबरेल होतं. ती लिंबावर गरगर फिरत राहिली, रस सगळीकडे उडाला, आणि गाडी जागची हलली नाही. मी अंगठा दाबूनच धरला होता. अक्कानं शेवटी माझा हात धरून बाजूला केला.